पीएलआयची मुदत संपली. परदेशी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना भारतात आता काय धरून ठेवणार?

ताळेबंद
मोबाइल फोनसाठीची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना (पीएलआय) १ एप्रिल २०२० ला आली, पाच वर्षांची होती, एक वर्ष वाढवली, आणि मार्च २०२६ ला तिची मुदत संपली. ज्यांनी तपशील पाहिले नसतील त्यांच्यासाठी: आधारवर्ष २०१९-२०. त्यावरच्या वाढीव विक्रीवर पहिली दोन वर्षं ६ टक्के, पुढची दोन ५ टक्के आणि शेवटच्या वर्षी ४ टक्के. परदेशी कंपनीला अट कडक होती: चार वर्षांत १,००० कोटींची गुंतवणूक, फोनची बीजक किंमत १५,००० रुपये किंवा अधिक, आणि वाढीव विक्री पहिल्या वर्षी ४,००० कोटींपासून पाचव्या वर्षी २५,००० कोटींपर्यंत. परदेशी गटात सॅमसंग, फॉक्सकॉन, विस्ट्रॉन, पेगाट्रॉन ही मुख्य नावं. त्यातला विस्ट्रॉनचा कर्नाटकातला कारखाना २०२३ मध्ये टाटांनी घेतला, आणि २०२५ च्या जानेवारीत पेगाट्रॉनच्या भारतीय कंपनीतला ६० टक्के हिस्साही.

सरकारी आकड्यांनुसार मोबाइल उत्पादन २०१४-१५ मध्ये सुमारे १८,००० कोटी होतं, ते २०२४-२५ मध्ये ५.४५ लाख कोटींवर गेलं. माझं मत असं की हे सगळं अनुदानाचं पीक आहे. पाट काढून घेतला की पाहुणे उठतील. पटत नसेल तर आकड्यांनी खोडून काढा, भावनेने नको.

चहाटळ
पाहुणे उठत नसतात हो. जेवण झालं की पान मागतात.

बिल_ऑफ_एंट्री
ताळेबंद, अनुदानाने कंपन्या आल्या हे अर्धंच खरं. पीएलआयच्या अधिसूचनेतच लिहिलं आहे की भारतात उत्पादन करताना ८.५ ते ११ टक्क्यांची तूट सोसावी लागते. सरकार देत होतं ४ ते ६. म्हणजे उरलेला खड्डा कंपनी दुसरीकडून भरत होती. कुठून? तर आयात शुल्काच्या भिंतीतून.

टप्प्याटप्प्याच्या उत्पादन कार्यक्रमात तयार फोनवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांपर्यंत चढवलं, आणि घटक बसवलेल्या पीसीबीवरही (सर्किट बोर्ड; घटक बसवलेला तो पीसीबीए) तेवढंच. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात फोन, पीसीबीए आणि चार्जर तिन्हींवरचं शुल्क १५ टक्के झालं. आता गंमत बघा. कोरा पीसीबी कस्टमच्या ८५३४ या शीर्षकात जातो, कपॅसिटर ८५३२ मध्ये, आयसी (चिप) ८५४२ मध्ये. तिन्हींवर मूळ शुल्क शून्य, कारण १९९७ पासून आपण माहिती तंत्रज्ञान करारात आहोत. हेच शून्य शुल्काचे तुकडे बाहेर एकत्र जोडून आणले की ८५१७ खाली १५ टक्के. त्यामुळे प्रत्येकाने एसएमटी लाइन, म्हणजे बोर्डावर घटक बसवणारी लाइन, इथे टाकली. शुल्काने जेवढं ओढून आणता येतं तेवढं आलं.

पण हीच रचना घटक उत्पादकाला शून्य संरक्षण देते. कपॅसिटर बनवणाऱ्याने इथे का यावं? भिंत त्याच्या मागे उभी आहे.

मीनाक्षी_दे
छान मांडलंत. पण याच भिंतीवरून युरोपियन संघ, जपान आणि तैवान जागतिक व्यापार संघटनेत गेले होते ना? एप्रिल २०२३ मध्ये पॅनेलने भारताच्या विरोधात निकाल दिला. भारताने अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच ठप्प असल्याने प्रकरण लोंबकळत आहे. गुंतवणूकदाराचा वकील हे वाचतोच. ज्या शुल्कावर नफ्याचं गणित बसलं आहे ते कायदेशीरदृष्ट्या डळमळीत, ही काही विकायची गोष्ट नाही.

सोल्डरपेस्ट
अनुदान, शुल्क यात सगळे रमलेत म्हणून लाइनवरचा हिशेब देतो. एका स्मार्टफोनमध्ये हजाराच्या आसपास सिरॅमिक कपॅसिटर असतात. एकाही तुकड्याची किंमत मोठी नाही, पण एका रिळाचा माल बंदरावर अडकला की पूर्ण लाइन उभी राहते. शेन्झेनहून ट्रक व्हिएतनामच्या बाक निन्हला एक-दोन दिवसांत पोहोचतो. तोच माल समुद्रमार्गे चेन्नई किंवा न्हावा शेवाला यायला दोन-तीन आठवडे धरा, वर कस्टम. म्हणून इथला कारखाना जास्त दिवसांचा साठा ठेवतो. साठ्यात अडकलेल्या पैशावर व्याज चढतं, आणि भारतातलं व्याज व्हिएतनामपेक्षा सहसा महाग.

साठा वाढवला की दुसरी भानगड. ओलाव्याला संवेदनशील आयसी, स्तर ३ चे, पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तासच चालतात. रीळ अर्धं वापरून पुन्हा पाकिटात घालायचं तर सिलिका, आर्द्रतेचं कार्ड, व्हॅक्यूम सील, आणि उघडं राहिल्याचे तास रजिस्टरला. चेन्नईच्या पावसाळ्यात हे चुकलं की रिफ्लोमध्ये (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत) आतलं पाणी वाफ होऊन आयसीच्या पोटात तडा. वरून दिसत नाही, ग्राहकाकडे तीन महिन्यांनी कळतं. मग बेकिंग, १२५ अंशांवर कित्येक तास, पण रिळाचं प्लास्टिक तेवढं सोसत नाही म्हणून आधी ट्रेवर काढा. जिथे घटकांचा पुरवठादार शेजारी असतो तिथे हा उद्योगच करावा लागत नाही.

तळेगावकर
सोल्डरपेस्ट, वीज विसरलात.

सोल्डरपेस्ट
विसरलो नाही, लांबण लागेल म्हणून टाळलं. पण विषय निघालाच आहे तर: तास-दोन तास वीज जाणं हा मोठा प्रश्न नसतो, जनरेटर असतोच. घात करते ती सेकंदाच्या दहाव्या हिश्शापुरती व्होल्टेज बुडवणारी झुळूक. जनरेटरला कळायच्या आत रिफ्लो भट्टीचं नियंत्रण बंद पडतं, साखळी थांबते, आणि शिसंविरहित सोल्डरच्या २४५ अंशांच्या टप्प्यात बोर्ड उभेच राहतात. सगळा माल भंगार.
उपाय साधा: हीटरला यूपीएस लावू नका, परवडत नाही. साखळी, पंखे आणि नियंत्रक तेवढे यूपीएसवर. हीटर गेले तरी बोर्ड बाहेर सरकतात, प्रोफाइल बिघडलेले तेवढे बाजूला काढून तपासायचे. पिक-अँड-प्लेसला (घटक उचलून बोर्डावर ठेवणारं यंत्र) वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि अर्थिंग कंप्रेसरच्या अर्थिंगला न जोडता. जागा निवडताना ‘२४ तास वीज’ या पाटीवर जाऊ नका, उपकेंद्रातून वर्षभराच्या व्होल्टेज डिपची नोंद मागा. नोंदच नाही म्हणाले तर तेही उत्तरच.

अनामिक_अ
बाळबोध शंका: निर्यातच करायची तर शुल्क भरायचंच कशाला? एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे की.

बिल_ऑफ_एंट्री
बाळबोध अजिबात नाही, मूळ प्रश्न हाच आहे. तीन वाटा आहेत.

एसईझेड: निर्यातीला उत्तम. पण देशात विकायचं झालं तर सहसा तयार मालावरचं पूर्ण शुल्क. भारताचा बाजार हेच तुमचं अर्धं आकर्षण असेल तर फसलात.

ईपीसीजी (निर्यातीसाठी यंत्रं आणायची योजना): यंत्रं शुल्काविना, बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहा पट निर्यात सहा वर्षांत. मागणी पडली की पुढे नोटिसा.

तिसरी वाट २०१९ ची, कस्टम कायद्याच्या कलम ६५ खाली बाँडेड गोदामात, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवता येतो अशा कस्टमच्या देखरेखीतल्या जागेत, उत्पादन. कच्चा माल आणि यंत्रं दोन्हींवरचं शुल्क पुढे ढकललं जातं, त्यावर व्याज नाही, निर्यातीची सक्ती नाही. माल निर्यात झाला तर त्यातल्या आयात घटकांवर शुल्क लागतच नाही. देशात विकला तर त्या मालात गेलेल्या घटकांवर तेवढं भरायचं. परदेशी कंपनीला मी हीच सुचवेन.

अडचणी कुठे येतात तेही लिहितो, कारण सल्लागार ते शेवटच्या पानावर टाकतात. शुल्काच्या तिप्पट रकमेचा बाँड द्यावा लागतो. प्रत्येक घटकाची आवक, वापर, भंगार यांचा डिजिटल हिशेब ठरलेल्या नमुन्यात रोजचा रोज. तुमच्या ईआरपीतलं (कंपनीच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीतलं) प्रमाण आणि प्रत्यक्ष वापर यात फरक पडला, जो एसएमटीत पडतोच कारण घटक पुरवणारा फीडर काही तुकडे फेकतो, तर तो फरक कागदावर दाखवता आला पाहिजे. आणि सगळ्यांना चटका देणारी बाब: पाच वर्षं वापरलेलं यंत्र बाँडमधून देशात बाहेर काढायचं झालं तर घसारा धरला जात नाही. जुन्या यंत्रावर मूळ किमतीचं शुल्क. लाइन बदलायचा आराखडा आधीच करून ठेवा.

हिशेबनीस
यात आयकराचा काटा राहिला. आयफोनसारख्या धंद्यात लाखो डॉलरची यंत्रं आणि साचे ब्रँडच्या मालकीचे असतात आणि ठेकेदाराच्या कारखान्यात बसवलेले असतात. भारतात अशी यंत्रं ठेवली की ब्रँडचा इथे ‘व्यवसाय संबंध’ आहे असं म्हणून जागतिक नफ्याच्या एका भागावर कर लागण्याची भीती होती. म्हणून यंत्रांचा भार ठेकेदाराने उचलायचा. मग भांडवल त्याचं, जोखीम त्याची. २०२६ च्या अर्थसंकल्पात बाँडेड क्षेत्रातल्या ठेकेदार उत्पादकाला यंत्रं पुरवणाऱ्या परदेशी कंपनीला पाच वर्षांची आयकर सूट प्रस्तावित झाली. पीएलआयच्या मथळ्यांपेक्षा ही ओळ महत्त्वाची, पण तिच्यावर कुणी धागा काढला नाही.

आणि ताळेबंद, सप्टेंबर २०१९ च्या कपातीत नव्या उत्पादन कंपनीला १५ टक्के दर मिळत होता, अधिभार आणि उपकरासह १७.१६. ती खिडकी ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांपुरतीच होती. आज येणाऱ्याला २२ टक्क्यांचा दर. तुलना करताना पुष्कळ जण अजून १५ धरून बसतात.

चहाटळ
धागा वाचून गुंतवणूकदार कारखाना सोडून सीए होईल.

पूर्वग्रहदूषित
सगळं ठीक, पण विश्वासाचं काय? नोकियाचा चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरचा कारखाना २००६ ला सुरू झाला, एकेकाळी जगातल्या मोठ्या फोन कारखान्यांत गणला जायचा. २०१३ ला कराचा वाद पेटला, मालमत्ता गोठवली, मायक्रोसॉफ्टशी झालेल्या सौद्यातून हा कारखाना बाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ ला टाळं. २०१२ ची पूर्वलक्षी करदुरुस्ती मागे घ्यायला २०२१ उजाडलं. ३ ऑगस्ट २०२३ ला एका अधिसूचनेने लॅपटॉपच्या आयातीवर परवाना लावला, तोही तत्काळ, मग दुसऱ्याच दिवशी मुदत ऑक्टोबरअखेर, आणि शेवटी नुसती नोंदणी-देखरेखीची पद्धत. धोरण चुकीचं की बरोबर हा मुद्दाच नाही. तैपेईतल्या संचालक मंडळाला जोखीमेच्या रकान्यात काय लिहायचं?

मीनाक्षी_दे
पूर्वग्रहदूषित, मुद्दा मान्य, पण गोष्ट अर्धी सांगितलीत. तोच नोकियाचा कारखाना २०१९ मध्ये सालकॉम्पने घेतला, चार्जर बनवण्यासाठी. इमारत, वीज, रस्ते, आणि आसपासच्या गावांतलं प्रशिक्षित मनुष्यबळ तिथेच होतं. श्रीपेरुंबुदुर-ओरगडम पट्टा आज उभा आहे त्याला ही जुनी मशागत कारणीभूत आहे. कंपनी गेली तरी पट्टा राहतो.

तळेगावकर
आणि आपल्याकडे काय राहिलं? वेदांत-फॉक्सकॉन तळेगावला येणार म्हणता म्हणता २०२२ ला गुजरातला गेलं आणि

संपादक मंडळ
तळेगावकर, पुढचा मजकूर काढला आहे. पक्षांची नावं घेऊन भांडायला वेगळा धागा आहे.

तळेगावकर
बरं. मग एवढंच लिहितो की तो प्रकल्प गुजरातमध्येही झाला नाही, फॉक्सकॉन जुलै २०२३ ला बाहेर पडलं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी रडायचं थांबवावं. आपल्याकडे रांजणगावला टप्पा तीनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर आहे, २९७ एकर, ४९२ कोटींच्या वर खर्च, त्यात केंद्राचे सुमारे २०८ कोटी. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो. त्याची चर्चा शून्य.

चाकणचा_वाटाड्या
समूहाला जमीन मिळाली म्हणजे पीसीबी कारखाना आला असं होत नाही. जुळणीला सांडपाणी नगण्य. कोऱ्या पीसीबीला मात्र भोकं पाडल्यावर राळ काढणं, रासायनिक तांबं चढवणं, प्लेटिंग, एचिंग. प्रत्येक टप्प्यानंतर धुणं. तांब्याचं आणि अमोनियाचं पाणी एकत्र मिसळलं की तांबं गाळात बसतच नाही, अमोनियाने धरून ठेवतं. म्हणून प्रवाह सुरुवातीपासून वेगळे वाहून न्यावे लागतात, नंतर पाइप बदलणं म्हणजे कारखाना खोदणं. सामायिक प्रक्रिया केंद्र या मालासाठी बांधलेलं नसेल तर शून्य निस्सारणाचा, म्हणजे सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याचा, खर्च एकट्या कंपनीवर. तांब्याचा पत्रा चढवलेलं लॅमिनेट बहुतेक आयातच, आणि मोबाइलच्या एचडीआय (दाट, बारीक जोडण्यांच्या) बोर्डाला लेझर ड्रिल लागतं.

२०२४ मध्ये चीन आणि हाँगकाँगच्या सहा थरांपर्यंतच्या पीसीबीवर अँटिडम्पिंग शुल्क (पडेल भावाच्या आयातीवरचं जादा शुल्क) लावलं. मदत झाली, पण साध्या बोर्डाला.

अनामिक_अ
मग घटक उत्पादकाला बोलवायचं कसं, शुल्क लावता येत नाही, जमीन पुरत नाही?

बिल_ऑफ_एंट्री
त्यासाठीच २०२५ ची घटक योजना, तेव्हाची मूळ मंजूर तरतूद २२,९१९ कोटी. ही पीएलआयची नक्कल समजू नका. डिस्प्ले आणि कॅमेरा मॉड्यूलसारख्या उपजुळण्यांना उलाढालीवर प्रोत्साहन. एचडीआय, लवचीक पीसीबी आणि पृष्ठभागावर बसणारे कपॅसिटर-रेझिस्टर यांना मिश्र, म्हणजे थोडं भांडवली खर्चावर, थोडं उलाढालीवर. रोजगाराची अटही जोडलेली आहे. मुदत सहा वर्षं, त्यातलं एक वर्ष उभारणीचं. मला हे डोकं ठिकाणावर ठेवून केलेलं वाटतं, कारण कपॅसिटरच्या भट्टीत पैसा आधी जातो, विक्री फार नंतर येते.

खरा अडसर दुसरा. हे घटक बनवण्यात मुरलेल्या मधल्या फळीतल्या पुष्कळ कंपन्या चिनी आहेत. एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ नुसार जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातून येणाऱ्या भांडवलाला सरकारी मंजुरीची वाट धरावी लागली. बाकीच्यांना इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनात १०० टक्के थेट मार्ग. सुरक्षेचं कारण समजतं, पण याचा परिणाम असा की मोठा ब्रँड आला आणि त्याचे पुरवठादार वेशीवर.

सोल्डरपेस्ट
आणि माणसंही वेशीवर. नवी लाइन बसवताना यंत्र पुरवणाऱ्याचा अभियंता लागतो: पायाभूत लेव्हल, कॅमेऱ्यांचं कॅलिब्रेशन, नोझलची जुळणी. त्याचा व्हिसा लांबला की यंत्र पेटीत. वॉरंटी मात्र बोटीत चढल्याच्या तारखेपासून सुरू. करार करताना ‘बसवून स्वीकृती दिल्यापासून’ असं लिहून घ्या.
अवांतर: जुनी यंत्रं आणणार असाल तर मूळ देशातून निघण्यापूर्वी सनदी अभियंत्याचा तपासणी दाखला काढा, उर्वरित आयुष्यासकट. बंदरावर पोहोचल्यावर केलात तर मूल्यांकन पुन्हा होतं आणि गोदामभाडं चालू.

निर्मला_एम
कामगारांबद्दल सगळे गप्प. श्रीपेरुंबुदुरच्या जुळणीत बहुसंख्य तरुण मुली आहेत, लांबच्या जिल्ह्यांतून आलेल्या. डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या कामगारांच्या वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली, रस्ता अडवला गेला, कारखाना काही काळ बंद राहिला. त्यानंतर राज्याने वल्लम वडगाळला १८,७२० जणींच्या वसतिगृहांवर ७०६ कोटी घातले, ते ऑगस्ट २०२४ ला सुरू झालं. कामगारांसाठी घरं नसलेल्या पट्ट्यात मोठी जुळणी टिकत नाही, हा धडा कारखाना बंद पडल्यावर कळला. सॅमसंगच्या तिथल्या उपकरण कारखान्यात २०२४ ला ३७ दिवस संप झाला, मुख्य मागणी संघटनेच्या नोंदणीची. ‘स्वस्त आणि शांत मनुष्यबळ’ ही पत्रकातली ओळ वाचून येणाऱ्याने दोन्ही घटना वाचाव्यात.

चहाटळ
निर्मलाताई, +१. यावर विनोद सुचत नाही.

पूर्वग्रहदूषित
आणि सेमीकंडक्टर? साणंदचा मायक्रॉनचा २.७५ अब्ज डॉलरचा प्रकल्प. ५० टक्के केंद्राचे, २० टक्के गुजरातचे, कंपनीचे ८२.५ कोटी डॉलरपर्यंत. एवढ्यात मीही येतो गुंतवणूकदार म्हणून.

हिशेबनीस
या, पण आधी बँकेत पैसे आणा. रक्कम आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी व्यक्तीला शेअर दिल्याचं विवरण). मूल्यांकनाचा दाखला मागाहून जोडता येत नाही. तारीख हुकली की उशिराचं शुल्क. छोट्या कंपन्या इथेच घसरतात, कारण पैसे पाठवणारी एक कंपनी आणि शेअर घेणारी दुसरी, आणि बँकेच्या केवायसीत नाव जुळत नाही.

ताळेबंद
माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. बिल_ऑफ_एंट्रींचा मुद्दा पटला, ओढणारी गोष्ट अनुदानापेक्षा शुल्काची रचना होती. मग प्रश्न बदलतो. निर्यात होणाऱ्या फोनला देशांतर्गत शुल्काची भिंत उपयोगाची नाही. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढवलं तेव्हा स्मार्टफोन त्यातून वगळलेले होते, म्हणून झळ बसली नाही. पीएलआय नाही, बाहेरची सूट दुसऱ्याच्या हातात. निर्यातदार इथे कशासाठी थांबेल?

बिल_ऑफ_एंट्री
थांबेल, कारण उठायला खर्च आहे. साचे, पात्रता चाचण्या झालेल्या लाइन, दुसऱ्या फळीचे आलेले पुरवठादार, प्रशिक्षित माणसं. शिवाय चीनबाहेर दुसरं ठिकाण हवंच असलेल्या ब्रँडला एवढं मनुष्यबळ एका जागी देणारे देश थोडे. पण ‘थांबेल’ आणि ‘पुढची लाइन इथेच टाकेल’ यात अंतर आहे. पुढच्या लाइनचा निर्णय ४ टक्क्यांवर होत नाही. बोटीतून उतरलेला डबा किती तासांत कारखान्यात येतो, आणि तो आकडा रोज सारखा असतो का, यावर होतो. सरासरी दोन दिवस पण कधी सहा, यापेक्षा रोज तीन परवडतात. साठा सहाच्या हिशेबाने ठेवावा लागतो.

अनामिक_अ
तो आकडा मिळतो कुठे?

बिल_ऑफ_एंट्री
कस्टमचा माल सोडण्याच्या वेळेचा अभ्यास प्रसिद्ध होतो, बंदरनिहाय. पण त्यात सरासरी असते. तुमच्या कस्टम एजंटकडून मागच्या वर्षीच्या सगळ्या बिल ऑफ एंट्रीच्या (आयातीच्या कस्टम घोषणापत्रांच्या) तारखा मागवा, ८५ व्या प्रकरणाच्या वेगळ्या काढा, आणि सर्वात वाईट दहा टक्के बघा.

तळेगावकर
न्हावा शेवाचे कुणाकडे असतील तर इथे टाका, कंपनीची नावं झाकून.